प्रबंधातली ‘चॅप्टर’ फेरी: इंग्रजीत प्रकरणांचा उल्लेख तपासताना

सोलापूरच्या संशोधकांच्या इंग्रजी प्रबंधांचं भाषिक वाचन आम्ही फेऱ्यांनी करतो आणि त्यातली एक फेरी फक्त ‘चॅप्टर’ या शब्दासाठी ठेवतो. मजकूर पक्का झाल्यावर, पण पानांची मांडणी आणि साधर्म्य-तपासणी (मजकूर दुसरीकडून उचलला आहे का हे सॉफ्टवेअरने पाहणं) यांच्या आधी ही फेरी होते. वर्डमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून ‘चॅप्टर’ शोधायचं आणि तो शब्द असलेलं प्रत्येक वाक्य उचलून एका तक्त्यात ठेवायचं. तक्त्याला चार रकाने: पान क्रमांक, पूर्ण वाक्य, उल्लेख कोणत्या प्रकरणाचा, आणि ते प्रकरण काय करतं असं वाक्य सांगतं. दोन-अडीचशे पानांच्या प्रबंधात अशी वाक्यं डझनावारी निघतात.

एका शब्दासाठी एवढा खटाटोप का, तर ही वाक्यं कुठे बसलेली असतात ते पाहा. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी प्रबंधाची रचना सांगताना, प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या आणि शेवटच्या परिच्छेदात, आणि निष्कर्षाच्या सुरुवातीला. बाहेरचा परीक्षक जाडजूड प्रबंध हातात घेतो तेव्हा आधी हीच पानं उघडतो. मधली पन्नास पानं स्वच्छ असली आणि ही पाच पानं डगमगत असली, तर मत या पाच पानांवर बनतं.

सोलापूर जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ २००४ साली मिळालं. त्याआधी इथले प्रबंध कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे जायचे. विषय बहुतेक इथल्याच मातीतले असतात. यंत्रमाग, टेरी टॉवेल, चादर, विडी वळणाऱ्या स्त्रिया, डाळिंबावरचा तेल्या, उजनीचं पाणी, नान्नजचा माळढोक. लिहिणाऱ्याला विषय आतून माहीत असतो, माहिती गोळा करायला तो शहराच्या पूर्व भागातल्या कारखान्यांत हिंडलेला असतो. अडतं ते इंग्रजीत, आणि तेही अवघड शब्दांपाशी नाही. शब्दाशेजारी कोणता शब्द बसतो, तिथे अडतं. ‘चॅप्टर’शेजारी कोणतं क्रियापद, कोणतं विशेषण, कोणतं शब्दयोगी अव्यय, एवढ्या तीन जागा सावरल्या की हा सगळा भाग उभा राहतो.

उदाहरणासाठी यंत्रमागावरच्या टॉवेल उद्योगातल्या कामगारांवरचा सात प्रकरणांचा प्रबंध धरू. कच्च्या खर्ड्यात रचनेचा परिच्छेद साधारण असा असतो: पहिलं प्रकरण ‘डील्स विथ इंट्रोडक्शन’, दुसरं ‘डील्स विथ रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’, तिसरं ‘डील्स विथ मेथडॉलॉजी’, असं थेट सातव्यापर्यंत. संशोधक विचारतात, “सर, ‘डील्स विथ’ चुकीचं आहे का?” चुकीचं अजिबात नाही, जोडी पक्की आहे. पण सातही प्रकरणं एकच काम करतात असं त्यातून वाचकाला कळतं, म्हणजे काहीच कळत नाही.

इथे समानार्थी शब्दांची यादी काढून एकेका प्रकरणाला एकेक क्रियापद वाटून टाकायचा मोह होतो. तो आवरावा. आम्ही आधी संशोधकाला इंग्रजी बाजूला ठेवायला लावतो आणि प्रत्येक प्रकरण काय करतं ते घरच्या भाषेत एका ओळीत लिहायला सांगतो. मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत, ज्यात सुचेल त्यात. ‘चौथ्या प्रकरणात जुन्या मिलपासून यंत्रमागापर्यंतचा प्रवास दाखवलाय.’ ‘पाचव्यात सर्वेक्षणाचे आकडे तक्त्यांत दिलेत.’ ‘सहाव्यात मजुरी आणि स्थलांतर यांचा संबंध तपासलाय.’ या ओळी झाल्या की इंग्रजी क्रियापद जवळजवळ आपोआप ठरतं. चौथं प्रकरण ‘ट्रेसेस द डेव्हलपमेंट ऑफ’, पाचवं ‘प्रेझेंट्स द फाइंडिंग्ज ऑफ द सर्व्हे’, सहावं ‘एक्झामिन्स द रिलेशनशिप बिटवीन वेजेस अँड मायग्रेशन’. आणि एखाद्या प्रकरणाची ओळ घरच्या भाषेतही जमत नसेल, तर अडचण इंग्रजीची नसते. प्रकरणाचं काम ठरलेलं नसतं. ‘डील्स विथ’ हे अशा प्रकरणांवरचं पांघरूण असतं, म्हणून ते उचलून बघावंच लागतं.

क्रियापदांमधले फरक बारीक आहेत, पण परीक्षकाला लगेच दिसतात. ‘प्रेझेंट्स’ म्हणजे माहिती समोर ठेवणं, ‘अनालाइझेस’ म्हणजे ती फोडून अर्थ लावणं. प्रकरणात तक्ते आणि त्यांखाली ‘वरील तक्त्यावरून दिसते की’ एवढंच असेल तर ‘अनालाइझेस’ लिहू नये. ‘डिस्क्राइब्ज’ कार्यपद्धतीला, ठिकाणाला, नमुन्याला शोभतं. ‘एक्झामिन्स’ला पुढे प्रश्न, संबंध, परिणाम किंवा भूमिका लागते. ‘एक्झामिन्स द सोलापूर सिटी’ अडखळतं. शहर तपासत नाहीत, शहरातली कुठली तरी गोष्ट तपासतात. (शिवाय शहराच्या नावाआधी ‘द’ नको, नुसतं ‘सोलापूर’ किंवा ‘द सिटी ऑफ सोलापूर’.) ‘एक्स्प्लोअर्स’ तिथे, जिथे प्रश्न मोकळा सोडलेला आहे आणि आधीच गृहीतक बांधलेलं नाही. ‘आर्ग्यूज’ घेतलं की पाठोपाठ ‘दॅट’ आणि पूर्ण विधान हवं: ‘धिस चॅप्टर आर्ग्यूज दॅट पीस-रेट पेमेंट प्रोलाँग्ज द वर्किंग डे’. नुसतं ‘आर्ग्यूज अबाउट वेजेस’ म्हटलं तर प्रकरण भांडतंय असा भास होतो. सामाजिक शास्त्रांच्या प्रबंधात ‘आर्ग्यूज दॅट’ निदान एका प्रकरणाला लागू पडावं असं आमचं मत आहे. एकही प्रकरण कसलाच मुद्दा मांडत नसेल, तर सगळा प्रबंध माहितीचं गाठोडं होऊन बसतो.

साहित्याच्या आढाव्यासाठी ‘रिव्ह्यूज’ सगळ्यांत सरळ. त्याच्या जोडीला ‘आयडेंटिफाइज द गॅप्स इन’ येतं, पण प्रकरणात खरोखर उणिवा दाखवल्या असतील तरच. पद्धतीच्या प्रकरणाला ‘आउटलाइन्स’ म्हणजे थोडक्यात, ‘डिस्क्राइब्ज’ म्हणजे सविस्तर, आणि ‘जस्टिफाइज द चॉइस ऑफ’ म्हणजे ही पद्धत का निवडली त्याचं समर्थन. शेवटच्या प्रकरणाला ‘समरायझेस द मेन फाइंडिंग्ज’, ‘ड्रॉज टुगेदर’, ‘ऑफर्स रेकमेंडेशन्स’ या जोड्या बसतात. ‘गिव्ह्ज सजेशन्स’ कळतं, पण ‘ऑफर्स’ किंवा ‘मेक्स’ जास्त रुळलेलं. ‘प्रूव्ह्ज’ टाळावं, सर्वेक्षणातून काही सिद्ध झाल्याचा दावा तोंडी परीक्षेत जड जातो. ‘टॉक्स अबाउट’ बोलण्यात ठीक, प्रबंधात नको. आणि ‘थ्रोज लाइट ऑन’ हे आपल्याकडच्या प्रबंधांचं फार लाडकं वाक्य. छापील इंग्रजीत आता ‘शेड्स लाइट ऑन’ जास्त दिसतं. तेही निष्कर्षांबद्दल बोलताना, संपूर्ण प्रबंधात एखाद्या वेळी. ‘बिलीव्ह्ज’, ‘फील्स’, ‘वॉन्ट्स’ ही माणसाची क्रियापदं. प्रकरणाला ती लावू नयेत. ‘एम्स टू’ आणि ‘सीक्स टू’ मात्र चालतात.

आता शब्दयोगी अव्ययं. सर्वांत जास्त लाल शाई इथे लागते, म्हणून जरा थांबून सांगतो.

‘डिस्कस’पुढे काहीच लागत नाही: ‘धिस चॅप्टर डिस्कसेस द वेज स्ट्रक्चर’. ‘डिस्कसेस अबाउट’ येतं त्याची कारणं दोन. एक, आपण ‘मजुरीविषयी चर्चा’ म्हणतो आणि ते ‘विषयी’ बरोबर घेऊन जातो. दोन, नामाला ते लागतं: ‘अ डिस्कशन ऑफ’, ‘अ डिस्कशन अबाउट’. नामाची सवय क्रियापदाला चिकटते. हाच घोटाळा ‘एम्फसाइझेस ऑन’मध्ये आहे. नामासोबत ‘एम्फसिस ऑन’ बरोबर, क्रियापदासोबत ‘ऑन’ नको. ‘इन्व्हेस्टिगेशन इन्टू’ बरोबर, पण ‘धिस चॅप्टर इन्व्हेस्टिगेट्स’ पुढे सरळ विषय. ‘डिस्क्राइब’, ‘अड्रेस’, ‘एक्झामिन’, ‘एक्स्प्लोअर’ हीदेखील एकटी चालणारी. ज्यांना अव्यय हवंच ती वेगळी लिहून भिंतीवर लावावीत: ‘डील्स विथ’, ‘फोकसेस ऑन’, ‘इज कन्सर्न्ड विथ’, ‘ड्रॉज ऑन’, ‘बिल्ड्स ऑन’, ‘टर्न्स टू’, ‘इज डिव्हायडेड इन्टू’, ‘कन्सिस्ट्स ऑफ’. यांतल्या शेवटच्याचा सख्खा शेजारी ‘कम्प्रायझेस’ मात्र ‘ऑफ’ घेत नाही: ‘द चॅप्टर कम्प्रायझेस फोर सेक्शन्स’. आणि ‘इज कन्सिस्टिंग ऑफ’ कधीच नाही, कारण रचना ही घडत असलेली क्रिया नव्हे.

‘इज डिव्होटेड टू’ला खास जपावं. यातल्या ‘टू’पुढे नाम किंवा ‘इंग’वालं रूप येतं: ‘डिव्होटेड टू अनालाइझिंग’. ‘डिव्होटेड टू अनालाइझ’ असं लिहिलेलं कानाला बरोबर वाटतं, म्हणूनच ते सुटून जातं. तसंच ‘बिगिन्स’ आणि ‘कन्क्लूड्स’: नामाआधी ‘विथ’, क्रियेआधी ‘बाय’. ‘द चॅप्टर बिगिन्स विथ अ ब्रीफ हिस्ट्री ऑफ द लूम’, पण ‘बिगिन्स बाय डिफायनिंग द टर्म’. ‘कन्क्लूड्स दॅट’ ही आणखी वेगळी गोष्ट. तिथे प्रकरणाचा निष्कर्ष सांगायचा असतो, शेवट कशाने होतो ते नव्हे.

वाक्याच्या सांगाड्यातली एक चूक इथल्या प्रत्येक घरच्या भाषेतून येते. मराठीत आपण ‘या प्रकरणात’ म्हणतो, तेलुगूत ‘लो’, कन्नडमध्ये ‘अल्लि’, उर्दूत ‘में’. सगळ्यांची सुरुवात ‘आत’पासून. मग इंग्रजीत ‘इन धिस चॅप्टर’ लिहून होतं आणि हात पुढे चालतो: ‘इन धिस चॅप्टर डिस्कसेस द वेज स्ट्रक्चर’. या वाक्याला कर्ताच उरत नाही. दोन वाटा आहेत. ‘इन’ काढून प्रकरणालाच कर्ता करायचं, किंवा ‘इन’ ठेवून पुढे खरा कर्ता आणायचा: ‘इन धिस चॅप्टर, द वेज स्ट्रक्चर इज डिस्कस्ड’. पहिली वाट आखूड आणि ठाम, आम्ही बहुतेक जागी तीच घेतो. ‘इन धिस चॅप्टर द रिसर्चर हॅज ट्राइड टू डिस्कस’ ही तिसरी, प्रबंधात सर्रास दिसणारी वाट व्याकरणाने शुद्ध आहे, पण इतके शब्द खर्च करून ती फक्त ‘प्रयत्न केला’ एवढं सांगते. ती प्रत्येक ठिकाणी कापावी.

यानंतर प्रकरणाची ओळख. क्रमांक असेल तर ‘द’ नाही: ‘इन चॅप्टर ३’. क्रमवाचक असेल तर ‘द’ हवंच: ‘इन द थर्ड चॅप्टर’. ‘इन द चॅप्टर ३’ आणि ‘इन थर्ड चॅप्टर’ या दोन्ही चुका एकाच मुळातून येतात, आपल्या भाषांत ‘द’सारखं काही नसल्यामुळे. ‘चॅप्टर नंबर थ्री’मधलं ‘नंबर’ गाळावं आणि शब्द-क्रमांकामधली आडवी रेघही. पहिलं अक्षर मोठं की लहान, हे शैलीवर अवलंबून आहे. एपीए शैलीत क्रमांकाआधीचा ‘चॅप्टर’ मोठ्या अक्षराने सुरू होतो, शिकागो शैलीत वाक्याच्या मध्ये तो लहान राहतो. ‘द थर्ड चॅप्टर’ किंवा ‘धिस चॅप्टर’ दोन्हीकडे लहानच. मार्गदर्शकांनी जी शैली सांगितली असेल ती पहिल्या पानापासून शेवटापर्यंत एकच ठेवावी, रोमन की साधे आकडे हेही एकदाच ठरवावं. शीर्षकात रोमन आणि मजकुरात साधे आकडे, असं मिश्रण हमखास सापडतं. ‘सीएच’ हे लघुरूप कंसातल्या संदर्भापुरतं. चालू वाक्यात पूर्ण शब्द लिहावा.

‘प्रीव्हियस’ आणि ‘प्रिसीडिंग’ म्हणजे लगेच आधीचं प्रकरण. मराठीत ‘मागील प्रकरणात’ म्हणताना आपण तीन प्रकरणं मागेही जातो. इंग्रजीत तिथे क्रमांक द्यावा किंवा ‘अ‍ॅन अर्लिअर चॅप्टर’ म्हणावं. पुढचं एकच असेल तर ‘द नेक्स्ट चॅप्टर’ किंवा ‘द फॉलोइंग चॅप्टर’, पुढची अनेक असतील तर ‘सब्सिक्वेंट चॅप्टर्स’ किंवा ‘द चॅप्टर्स दॅट फॉलो’. ‘लास्ट चॅप्टर’ धोक्याचं आहे, कारण त्याचे दोन अर्थ होतात: आत्ताच संपलेलं आणि सगळ्यांत शेवटचं. दुसऱ्या अर्थासाठी ‘फायनल’ किंवा ‘कन्क्लूडिंग’, पहिल्यासाठी ‘प्रीव्हियस’, आणि ‘लास्ट’ तक्त्यात दिसलं की बदलायचं. पहिल्या प्रकरणासाठी ‘इंट्रोडक्टरी चॅप्टर’, क्षेत्रीय माहितीच्या प्रकरणांना मिळून ‘द एम्पिरिकल चॅप्टर्स’. ‘द सेड चॅप्टर’ आणि ‘अफोरसेड चॅप्टर’ ही कोर्टाच्या कागदांतली भाषा, ती तिथेच शोभते.

काळाबद्दल नियम सोपा, पण एक खड्डा खोल आहे. रचना सांगताना साधा वर्तमानकाळ: ‘चॅप्टर २ रिव्ह्यूज’. झालेल्या प्रकरणाकडे वळून पाहताना भूतकाळ: ‘द प्रीव्हियस चॅप्टर ट्रेस्ड’. चालू प्रकरणाच्या अखेरीस पूर्ण वर्तमान: ‘धिस चॅप्टर हॅज एक्झामिन्ड’. खड्डा येतो आराखड्यातून. नोंदणीच्या वेळच्या आराखड्यात प्रकरणं लिहायची बाकी असतात, म्हणून तिथे ‘विल’ योग्यच असतं. काही वर्षांनी तोच परिच्छेद उचलून पहिल्या प्रकरणात चिकटवला जातो आणि ‘चॅप्टर ५ विल प्रेझेंट’, ‘डेटा विल बी कलेक्टेड’ अशी वाक्यं पूर्ण झालेल्या प्रबंधात बसून राहतात. पुढच्या प्रकरणाबद्दलचं ‘विल’ कसंबसं खपतं. ‘विल बी कलेक्टेड’ वाचून परीक्षकाला प्रश्न पडतो की माहिती गोळा झाली की नाही. तक्ता झाल्यावर ‘विल’ या शब्दाचा वेगळा शोध घ्यावा, फार वेळ लागत नाही.

प्रकरणांची दारं, म्हणजे पहिला आणि शेवटचा परिच्छेद, एकमेकांशी जुळवून वाचावीत. चौथ्याच्या शेवटी ‘द नेक्स्ट चॅप्टर टर्न्स टू द सर्व्हे फाइंडिंग्ज’ म्हटलं आणि पाचव्याच्या सुरुवातीला पुन्हा ‘द प्रीव्हियस चॅप्टर ट्रेस्ड…’ म्हणून चार ओळी आल्या, तर एकच गोष्ट पान उलटताच दुसऱ्यांदा वाचावी लागते. एका बाजूला एक वाक्य पुरे. मागच्या प्रकरणावर पुढचं खरोखर उभं असेल, तर ‘बिल्डिंग ऑन द हिस्टॉरिकल अकाउंट इन चॅप्टर ४, धिस चॅप्टर प्रेझेंट्स’ एवढ्या सुरुवातीत मागचं-पुढचं दोन्ही येतं.

दुसऱ्यांच्या पुस्तकातलं प्रकरण उद्धृत करताना ‘अ चॅप्टर ऑन’ विषयासाठी आणि ‘अ चॅप्टर इन अ‍ॅन एडिटेड व्हॉल्यूम’ ग्रंथासाठी. श्रेय प्रकरणाच्या लेखकाला द्यायचं, संपादकाला नाही.

साधर्म्य-तपासणीच्या भीतीने होणारं नुकसान आम्हाला जास्त टोचतं. ‘धिस चॅप्टर इज ऑर्गनाइझ्ड अ‍ॅज फॉलोज’ हे सॉफ्टवेअरमध्ये रंगून येतं, आणि संशोधक घाबरून ते ‘द प्रेझेंट सेगमेंट इज अरेंज्ड इन द बिलो मॅनर’ असं करून टाकतात. चांगली, रुळलेली जोडी मोडून वाईट इंग्रजी तयार होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सर्वसामान्य किंवा योगायोगाने जुळणारी शब्दयोजना सलग १४ शब्दांपर्यंत मोजणीतून वगळायची तरतूद आहे, आणि १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही. वरचं वाक्य सहा शब्दांचं आहे. या चौकटी सगळ्यांच्या सामाईक आहेत. त्यांच्यात भरलेला मजकूर तुमचा असला की झालं. समानार्थी शब्द बदलून देणाऱ्या साधनांपासून हा भाग दूर ठेवा, कारण ती ‘चॅप्टर’चं ‘सेगमेंट’ आणि ‘रिव्ह्यूज’चं ‘ऑडिट्स’ करतात.

जोडी बरोबर आहे का अशी शंका आली तर प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजी वाक्यांच्या मोठ्या संग्रहात पाहावं. ‘स्केल’ या मोफत संकेतस्थळावर ‘चॅप्टर’ टाकून ‘वर्ड स्केच’ उघडलं की त्याच्यासोबत येणारी क्रियापदं आणि विशेषणं गटवार दिसतात. अमेरिकन इंग्रजीच्या ‘कोका’ संग्रहात फक्त शैक्षणिक लेखनापुरता शोध घेता येतो. शोधगंगेवरच्या, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या, प्रबंधांचा आधार विषयासाठी जरूर घ्यावा, पण जोडीसाठी घेऊ नये. ‘डिस्कसेस अबाउट’ तिथेही भरपूर सापडेल.

राहिले आकडे. हाताने टाइप केलेले प्रकरण-क्रमांक प्रकरण मागे-पुढे झाल्यावर चुकतात, आणि शेवटच्या महिन्यात मार्गदर्शक एखादं प्रकरण हलवायला सांगतातच. म्हणून प्रकरणांच्या शीर्षकांना वर्डची क्रमांकित हेडिंग शैली द्यावी आणि मजकुरातला क्रमांक ‘रेफरन्सेस’ पट्टीतल्या ‘क्रॉस-रेफरन्स’मधून घालावा. शब्द आणि आकडा दोन ओळींत तुटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस बार एकत्र दाबून न तुटणारी जागा ठेवावी. बदल झाले की कंट्रोल-ए करून एफ-९ दाबायचं, सगळे क्रमांक ताजे होतात. तळटीपांमधले क्रमांक मात्र यात येत नाहीत. तळटिपेत जाऊन तीच कृती पुन्हा करावी लागते. एखादं शीर्षक पुसून नव्याने टाइप केलं असेल तर त्याचा दुवा तुटतो आणि त्या जागी ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ असं ठळक छापून येतं. म्हणून पीडीएफ काढण्याआधी ‘एरर’ हा शब्द शोधावा, आणि पीडीएफ झाल्यावर तिच्यातही एकदा.